कुरांदेरा आणि चेटकीण

मेक्सिकोत चेटूक करणाऱ्या पुरुषाला ‘ब्रूहो’ म्हणतात, बाईला ‘ब्रूहा’. रोग बरा करणारी ती ‘कुरांदेरा’. पण जिला करणी उतरवता येते तिला ती करताही येत असणार, हा संशय तिथंही आहेच.

स्पॅनिश लोक १५१९ मध्ये आले तेव्हा तिथं वैद्यकाची मोठी परंपरा होती. मार्तिन दे ला क्रूस या नाहुआ वैद्यानं १५५२ मध्ये औषधी वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. पुढं अशा ज्ञानात धर्मसत्तेला सैतान दिसू लागला. १५७१ मध्ये इन्क्विझिशनचं न्यायासन आलं. १६२० मध्ये पेयोते या निवडुंगाच्या सेवनावर बंदी आली. लोकांनी श्रद्धा सोडली नाही. कोपालच्या धुपाशेजारी त्यांनी ख्रिस्ती संतांच्या तसबिरी मांडल्या.

तिथला नेहमीचा विधी म्हणजे ‘लिंपिया’, अर्थात शुद्धी. आजाऱ्याच्या अंगावरून सतापाची जुडी आणि अख्खं अंडं फिरवतात. मग अंडं पाण्याच्या पेल्यात फोडून त्यात दोष पाहतात. आपल्याकडे दृष्ट काढताना मीठ-मिरच्या ओवाळतात. ती मिरचीही मूळची मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आलेली.

ओआहाका राज्यातल्या वाउत्ला गावी मारिया साबिना ही मासातेक कुरांदेरा राहत असे. रात्री पवित्र मानलेल्या अळंब्या खाऊन, मंत्र म्हणत ती रोग्यावर उपचार करी. १९५५ मध्ये वॉसन नावाचे अमेरिकन बँक अधिकारी तिच्या विधीत बसले. १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांचा लेख आला आणि पुढच्या दशकात परदेशी तरुणांची रीघ लागली. पाठोपाठ पोलीस आले. चिडलेल्या गावकऱ्यांनी तिलाच दोष दिला. तिचं घर जाळलं गेलं. बाहेरचे आल्यापासून अळंब्यांची शक्ती गेली, असं ती म्हणे. १९८५ मध्ये ती वारली.

तापाला डॉक्टरच हवा, अंड्यानं तो उतरणार नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मला मोह पडतो तो तिच्या शब्दांचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तिचे मंत्र ध्वनिमुद्रित झाले आणि जगानं ते कविता म्हणून वाचले. पण ते म्हटले जात होते समोर अंथरुणावर पडलेल्या माणसासाठी. त्या माणसाला विसरून नुसते शब्द घ्यायचे, तर त्या रिघेत आपणही उभे आहोत असं समजावं.