‘अंडवृद्धी’ या शब्दाआड दडलेली वेदना

मी वैद्यकाचा नव्हे, भाषेचा विद्यार्थी. तरीही या विषयास हात घालीत आहे. कारण येथे शब्दाची संदिग्धता रुग्णाला भोवते. अंडकोशातील कोणतीही सूज आपल्याकडे सरसकट ‘अंडवृद्धी’ म्हणून ओळखली जाते. सुश्रुतसंहितेने मात्र निदानस्थानाच्या १२ व्या अध्यायात वृद्धीचे सात प्रकार वेगळे केले आहेत. त्यांतील मूत्रवृद्धी आजच्या हायड्रोसीलशी आणि आंत्रवृद्धी अंतर्गळाशी जुळते. प्राचीनांचा हा विवेक आपल्या बोलण्यातून कधी गळाला, कोण जाणे!

व्हेरिकोसील या दोहोंहून निराळे. लॅटिन ‘व्हॅरिक्स’ म्हणजे फुगलेली शीर, आणि ग्रीक ‘कीली’ म्हणजे सूज. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने वेटोळ्या झालेल्या शिरा आणि लहान पडत जाणारे वृषण यांचे वर्णन केलेले आहे. अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांतील झडपा दुबळ्या झाल्या, की रक्त तेथेच तुंबते. विकार बहुधा डावीकडे आढळतो. कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेस जवळजवळ काटकोनात मिळते. सुमारे १५ टक्के पुरुषांत तो असतो, पण दुखणे त्यांतील थोड्यांनाच होते. ते ओढ लागल्यासारखे, जड असते; उभे राहिल्याने वाढते, निजल्यावर ओसरते.

अशा वेदनेवर प्रथम लंगोटासारखा आधार, विश्रांती व वेदनाशामके. त्याने न भागल्यास शस्त्रक्रिया. अर्जेंटिनाचे इव्हानिसेविच यांनी १९१८ मध्ये व पालोमो यांनी १९४९ मध्ये तिच्या पद्धती मांडल्या. आज जांघेत लहानसा छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या शिरा तेवढ्या बांधतात. रोहिणी व लसवाहिन्या जपतात. लसवाहिन्या बांधल्या गेल्या तर पाणी साचते, म्हणजे एक वृद्धी घालवून दुसरी ओढवून घेणे! शिरा बांधल्यावर रक्त उरलेल्या वाटांनी परतते. नीट निवडलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांची वेदना जाते वा घटते. काहींची उरते, हेही आधी सांगितले पाहिजे.

महू आपल्याला जवळ. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या कित्येक मुलांना हा शब्द वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यावरच प्रथम कळतो. तोवर दुखणे घरात कोणी उच्चारलेले नसते. आईसमोर संकोच, वडिलांसमोर त्याहून अधिक. ही लाज मला आपल्या सभ्यतेचे लक्षण वाटत नाही.

एक भेद मात्र प्रत्येक घरात ठाऊक असावा. वेदना एकाएकी, असह्य आणि ओकारीसह उठली, तर ते व्हेरिकोसील नसून वृषणाला पडलेला पीळ असू शकतो. तो साधारण ६ तासांच्या आत सोडवला, तरच वृषण वाचण्याची आशा मोठी असते. तेव्हा मध्यरात्र असली तरी सकाळची वाट न पाहता मुलाला थेट महाराजा यशवंतराव रुग्णालयात किंवा जवळच्या शल्यचिकित्सकाकडे न्यावे.