ब्रेकची घरगुती निगा

मोटार विकत घेतांना गिऱ्हाईक तिचा रंग पाहतो, आंतील बैठक पाहतो, एका लिटरांत ती किती अंतर कापते याचीहि चौकशी करतो. पण ती थांबते कशी, हा प्रश्न दुकानांत क्वचितच विचारला जातो. गाडी सुरू झाली नाहीं तर फार तर कचेरीस जावयास उशीर होतो. ती थांबली नाहीं तर पुढचें कांहींच कोणाच्या हातीं राहात नाहीं. असें असूनहि ज्या घरांत गळणाऱ्या नळाचा वायसर त्याच दिवशीं बदलला जातो, त्याच घरच्या गाडीचे ब्रेक किंचाळूं लागले तर तें किंचाळणें महिनोन्महिने ऐकून घेतलें जातें. ब्रेक हें गूढ प्रकरण आहे, तें कारागिरानेंच पाहावें, अशी समजूत याच्या मुळाशीं असते. ही समजूत अर्धीच खरी आहे.

ब्रेक गति नाहींशी करीत नाहीं. तो तिचें उष्णतेंत रूपांतर करतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोहों बाजूंनीं पॅड चिमटींत धरतात, घर्षण होतें आणि गाडीच्या धांवण्यांतील शक्ति उष्णतेच्या रूपानें तबकडींत उतरते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी एकदां पूर्ण थांबविली, तर निघणारी उष्णता सुमारें ४०० ग्रॅम गार पाण्यास उकळी आणण्यास पुरेल. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरते तेव्हां ती सुमारें ५०० मीटर खालीं येते. एवढ्या उतारांत जी शक्ति मोकळी होते, ती ताशीं ६० किलोमीटरच्या वेगांतून गाडी जवळजवळ ३५ वेळां थांबविण्याइतकी असते. वारा आणि रस्ता तिचा कांहीं वांटा उचलतात. गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवली तर इंजिन मोठा वांटा उचलतें. गिअर वरचा ठेवून सारा उतार ब्रेकवर पाय दाबून धरणारा चालक मात्र हा सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर टाकतो.

पायाचा दाब चाकांपर्यंत पोंचविण्याचें काम तेल करतें. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हें तत्त्व फ्रान्समधील ब्लेझ पास्काल यानें सतराव्या शतकांत मांडलें. त्याचा उपयोग करून १९२१ मध्यें अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारहि चाकांना तेलाचे ब्रेक बसविण्यांत आले. ज्याला ब्रेक-ऑईल म्हणतात तें बहुतेक गाड्यांत खनिज तेल नसून ग्लायकोलच्या जातीचा द्रव असतो, आणि हवेंतील ओलावा शोषून घेणें हा त्याचा स्वभाव आहे. डॉट-३ या प्रतीचें ताजें ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. पण त्यांत शेंकडा तीन-चार भाग पाणी मुरलें कीं १४० अंशांच्या आसपासच त्याला उकळी येऊं शकते. डॉट-४ प्रतीचे हेच आंकडे २३० व १५५ असे आहेत. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून जुनें, ओलावलेलें ऑईल घाटाच्या उष्णतेनें उकळलें कीं आतांपर्यंत घट्ट लागणारें पेडल एकाएकीं तळाला टेंकतें, आणि तेंहि नेमकें उतारावर. कोंकणपट्टींतील दमट हवेचा विचार करतां, बहुतेक कंपन्या सांगतात त्याप्रमाणें दर दोन वर्षांनीं ऑईल बदलून घेण्यांत कुचराई करूं नये. उघडून ठेवलेल्या डब्यांतील शिल्लक ऑईल कितीहि स्वच्छ दिसलें तरी तें वापरूं नये.

निगेचा पहिला भाग हत्यारांवांचून होण्यासारखा आहे. बॉनेट उघडलें कीं ब्रेक-ऑईलची अर्धपारदर्शक कुपी दिसते. तिच्यावर कमाल व किमान अशा दोन खुणा असतात. महिन्यांतून एकदां पातळी पाहावी. पॅड झिजतो तसा त्याला दाबणारा दट्ट्या पुढें सरकतो, त्याच्या मागची जागा ऑईल भरून काढतें आणि कुपींतील पातळी हळूहळू उतरते. म्हणून ती थोडी खालीं गेली कीं वरून ऑईल ओतून स्वस्थ बसणें चुकीचें आहे. पॅड तपासण्याची ती सूचना समजावी. पातळी चार दिवसांत भराभर उतरली तर कोठें तरी गळती आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊं नये.

पायालाहि बरेंच कळतें. पेडल स्पंजासारखें मऊ लागलें तर बहुधा ऑईलमध्यें हवा शिरलेली असते. गाडी एका बाजूस ओढली जात असेल तर एका चाकाचा ब्रेक कमी धरीत असेल किंवा दुसऱ्याचा अडकून बसला असेल. हलक्या ब्रेकनेंहि पेडल थरथरत असेल तर तबकडीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाहीं असें समजावें. एबीएस असलेल्या गाडींत जोरानें ब्रेक मारतांना पेडल धडधडतें, तो मात्र दोष नव्हे. पुष्कळ पॅडांना पत्र्याची एक जीभ मुद्दाम बसविलेली असते. पॅड संपत आला कीं ती तबकडीला घांसून किंचाळूं लागते. त्या किंचाळण्याकडे दुर्लक्ष झालें तर पुढें खरखर ऐकूं येते, आणि मग पॅडाबरोबर तबकडीचाहि खर्च बसतो. पावसाळ्यांत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या तबकडीवर तांबूस गंज दिसतो, तो सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकांत निघून जातो; त्याची चिंता नको.

दुसरा भाग म्हणजे पुढील चाकांचे पॅड बदलणें. हाताला थोडी संवय आणि जवळ गाडीची पुस्तिका असेल तर सुटीच्या सकाळीं हें काम होतें. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, मागच्या चाकांना लांकडी ठोकळे लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावेत आणि मग जॅक पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच लावावा. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. गाडी उचलतांच तिच्याखालीं मजबूत स्टँड द्यावा, आणि काढलेलें चाकहि बाजूच्या कडेखालीं सरकवून ठेवावें. एका वेळीं एकच चाक उघडावें, म्हणजे शंका आल्यास दुसरें चाक नमुन्यादाखल तयार असतें. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

आंतील काळ्या भुकटीवर फुंकर घालूं नये. जुन्या काळच्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे, आणि ही भुकटी कोणत्याहि पॅडाची असली तरी ती छातींत जातां कामा नये. ओली करूनच ती पुसावी. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला कीं जुने पॅड मोकळे होतात. कॅलिपर पूर्ण सुटा करावा लागला तर तो रबरी नळीवर लोंबकळत न ठेवतां तारेनें बांधून ठेवावा. पॅडाचा मसाला २-३ मिलिमीटर उरला असेल तर त्याचें आयुष्य संपलें. तबकडीची किमान जाडी बहुधा तिच्या कडेवरच कोरलेली असते. तीहि मोजून पाहावी. मग दट्ट्या शिकंज्यानें सावकाश मागें दाबावा. या वेळीं कुपींतील ऑईल वर चढतें, तिकडे लक्ष ठेवावें. तें सांडलें तर गाडीचा रंग उठतो, म्हणून लगेच पाण्यानें धुवावें. कॅलिपर ज्या खिळींवर सरकतो त्यांना ब्रेकसाठीं असलेलेंच ग्रीस लावावें. पॅडाच्या मसाल्याला किंवा तबकडीला मात्र त्याचा स्पर्शहि होतां कामा नये. बोल्ट व नट पुस्तिकेंतील मापानेंच आंवळावेत.

सगळें जागच्या जागीं बसलें, हात धुतले, गाडी खालीं आली. आणि येथेंच सर्वांत मोठा धोका उभा राहतो. दट्ट्या मागें दाबलेला असल्यानें पहिल्या वेळीं पेडल थेट तळाला जातें आणि ब्रेक मुळींच लागत नाहीं. काम फत्ते झाल्याच्या आनंदांत कोणी गाडी तशीच मागें घेतली, तर फाटकाशीं खेळणारें मूल आणि गाडी यांच्यामध्यें कांहींच उरत नाहीं. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीं पेडल घट्ट लागेपर्यंत अनेक वेळां दाबावें, ऑईलची पातळी पुन्हां पाहावी, आणि मग मोकळ्या जागेंत माणसाच्या चालीनें गाडी नेऊन ती थांबते याची खात्री करावी. नवे पॅड तबकडीशीं पुरते जुळेपर्यंत पहिले कांहीं दिवस करकचून ब्रेक मारण्याची वेळ येऊं देऊं नये.

या पलीकडे घरच्या हातानें जाऊं नये. ऑईलची नळी उघडणें, एबीएसची यंत्रणा, मागच्या ड्रममधील स्प्रिंगा हीं कारागिराचीं कामें होत. ज्या गाडींत हँडब्रेकच्या दांड्याऐवजीं बटण असतें, तिच्या मागच्या ब्रेकांचा दट्ट्या बहुधा विजेच्या मोटारीनें सरकतो; तो बळेंच मागें रेटल्यास यंत्रणा मोडते. विजेवर चालणाऱ्या गाडींत मोटारच वेग आवरते, त्यामुळें पॅड सावकाश झिजतात. पण वापरावांचून त्यांना गंज धरतो, म्हणून तपासणी तेथेंहि चुकत नाहीं.

स्वतः पाना हातीं न धरणाऱ्यासहि या माहितीचा उपयोग आहे. पॅड बदलले असें कारागिरानें सांगतांच तो जुने पॅड पाहावयास मागूं शकतो, ऑईल कोणत्या प्रतीचें घातलें हें विचारूं शकतो, आणि कारखान्याच्या दारांतून गाडी बाहेर काढण्यापूर्वीं पेडल स्वतःच्या पायानें दाबून पाहूं शकतो. या शेवटच्या गोष्टीला अर्धें मिनिटहि लागत नाहीं. पण ती त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणीं केली असेल असें मात्र त्यानें गृहीत धरूं नये.