नशीब माणसाच्या हातून येतं

नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सातच्या सुमाराला उभं राहून पाहा. डोक्यावर मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल, खाली चारी बाजूंनी अंगावर येणारी वाहनं आणि त्या गोंगाटातून एक हाक सारखी ऐकू येते: ‘नाशिकरोड, नाशिकरोड... एकच सीट!’ रेल्वे गाठायची घाई आहे, पाऊस भुरभुरू लागलाय आणि ती शेवटची सीट नेमकी आपल्याला मिळते. आपण मनाशी म्हणतो, आज नशीब जोरावर आहे.

असे क्षण प्रत्येकाच्या वाट्याला येतात. जुन्या सदऱ्याच्या खिशात नोट सापडते. ज्याचा फोन नंबर हरवला तो वर्गमित्र बसमध्ये शेजारी येऊन बसतो. या गोष्टी वाटतात तितक्या दुर्मीळ नसतात. केंब्रिजचे गणिती जे. ई. लिटलवूड यांच्या नावाने एक हिशेब सांगितला जातो. माणूस दिवसातले आठ तास सावध असतो आणि दर सेकंदाला काहीतरी पाहतो किंवा ऐकतो असं धरलं, तर साधारण 35 दिवसांत त्याच्यासमोरून दहा लाख घटना जातात. म्हणजे ‘लाखात एक’ काय, ‘दहा लाखांत एक’ म्हणावी अशी गोष्टसुद्धा महिन्या-सव्वा महिन्यात एकदा घडायचीच!

योगायोग किती वेळा येतो, एवढं गणित सांगतं. त्या योगायोगाचं भाग्य कसं होतं, हे समजून घ्यायला द्वारकेवरून निघणाऱ्या तीन रस्त्यांनी जाऊन यायला हवं.

पहिला रस्ता मुंबईकडे जातो. त्यावर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते 1911 च्या एप्रिलमध्ये, गिरगावातल्या तंबू थिएटरात. आदल्या दिवशी मुलासोबत पाहिलेला प्राण्यांचा चित्रपट घरच्यांनाही दाखवावा म्हणून ते दुसऱ्या दिवशी सर्वांना घेऊन गेले. ईस्टरचे दिवस असल्याने त्या दिवशी पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र लागलं होतं. ते पाहताना राम-कृष्ण असेच पडद्यावर आणायचे, हे त्यांच्या मनाने घेतलं.

पण या कथेतला खरा भाग्यवान अण्णा साळुंके. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना. ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात फाळक्यांची नजर तिथे काम करणाऱ्या या सडपातळ, नाजूक हातांच्या तरुणावर पडली. त्याचा पगार दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. 3 मे 1913 रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि हॉटेलातला तो मुलगा भारतीय पडद्यावरची पहिली नायिका ठरला. 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. त्या हॉटेलात चहा प्यायला शेकडो माणसं येत असतील. त्या हातांकडे लक्ष गेलं ते एकाचंच.

दुसरा रस्ता नाशिकरोडकडे आणि तिथून पुढे देवळालीला. तिथल्या शाळेत 1930 ते 1962 या काळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शिकवत. आकड्यांशी खेळण्याचा त्यांना नाद होता. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. समजा 3524. अंक उतरत्या क्रमाने लावा, 5432. चढत्या क्रमाने लावा, 2345. वजाबाकी 3087. पुन्हा तसंच करा: 8730 वजा 0378 म्हणजे 8352. आणखी एकदा: 8532 वजा 2358 म्हणजे 6174. कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी फार तर सात पायऱ्यांत 6174 येतंच, आणि एकदा आलं की ते बदलत नाही. कापरेकरांनी हे 1949 मध्ये जाहीर केलं. पण विद्यापीठाची मोठी पदवी नसलेल्या शाळामास्तराच्या या कामाकडे अनेक गणितींनी काणाडोळा केला. मार्च 1975 मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. 6174 तर कधीपासून तिथेच होतं. उणीव होती ती आपुलकीने लिहिणाऱ्या एका माणसाची.

तिसरा रस्ता ओझरवरून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे जातो. इथलं नशीब वेगळ्या जातीचं. 2023 च्या मे महिन्यात टोमॅटोचा भाव इतका पडला की शेतकऱ्यांनी माल रस्त्याकडेला ओतला. दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, राज्यातल्या बाजारांत वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. ज्याचा प्लॉट उभा होता त्याचं कर्ज फिटलं. पण भाव चढला तो इतरांचे प्लॉट हवामानाने आणि रोगाने गेले म्हणून, आणि पडत्या भावाला कंटाळून अनेकांनी लागवडच केली नाही म्हणून. सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळला. 1969 पासून चालत आलेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीचंही तसंच: एकाचं बक्षीस हजारो न लागलेल्या तिकिटांतून उभं राहतं. अशा नशिबाचा आनंद खरा असतो, पण तो दुसऱ्याच्या तोट्यावर उभा असतो. साळुंके आणि कापरेकर यांना लाभलेल्या भाग्यात मात्र कुणाचंच काही गेलं नाही.

कुणाचंच काही न घेणारं हे भाग्य द्वारकेवर रोज वाटता येईल इतकं स्वस्त आहे. शेअर रिक्षातून उतरताना पाकीट, फोन, कागदपत्रांची पिशवी राहून जाते. ती परत मिळणं, यापेक्षा मोठी लॉटरी त्या घडीला नसते. आणि परत करणारे आपण समजतो त्याहून जास्त असतात. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी भारतासह 40 देशांतल्या 355 शहरांत ‘सापडलेली’ म्हणून 17 हजारांवर पाकिटं बँका, टपाल कार्यालयं, हॉटेलं अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे 40 टक्के पाकिटांच्या मालकाशी संपर्क साधला गेला. पैसे असलेल्यांपैकी 51 टक्के. तीन देशांत रक्कम आणखी वाढवली, तर प्रमाण 72 टक्क्यांवर गेलं. पैसे जास्त तितका लोभ जास्त, हा जाणकारांचाही अंदाज खोटा ठरला.

कायदाही याच बाजूने आहे. सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी भारतीय संविदा अधिनियम, 1872 चं कलम 71 टाकतं. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवण्याचा हक्कही तोच कायदा देतो. मालकाला शोधण्याचा प्रयत्न न करता ती लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा आहे. फोन हरवला, तर तक्रार नोंदवून सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय क्रमांकाने तो बंद करता येतो; पुढे कुणी तो वापरायला घेतला की माग लागतो.

म्हणून दोन कामं कराच. आपल्या पाकिटात नाव आणि घरच्या कुणाचा तरी मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, म्हणजे परत करणाऱ्याला शोधाशोध करावी लागणार नाही. आणि कुणाची वस्तू सापडली तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी मालकाला फोन करा, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या. आपलं नशीब कधी उघडेल हे आपल्या हाती नाही. दुसऱ्याचं उघडणं पुष्कळदा आपल्याच हाती असतं.