स्वस्त विम्याचा हिशेब

इंदूर-धार रस्त्यावरच्या बेटम्यात गाडीचा विमा घासाघीस करून घेणारे बहुधा चुकीच्या आकड्याशी झुंजतात. तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरवते. 2022 पासून 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला 3416 रुपये. कुठलीही कंपनी घ्या, तेवढेच. स्पर्धा आहे ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथले दर 2007 मध्ये खुले झाले. शिवाय इंदूरची नोंदणी ‘ब’ विभागात येते, पुणे-मुंबईची महागड्या ‘अ’ विभागात. ही सवलत आयतीच मिळते.

खरी बचत ‘नो क्लेम बोनस’मध्ये आहे: दावा न केल्यास पहिल्या वर्षी 20 टक्के, पाच वर्षांत 50. समजा, नुकसानीचा मूळ हप्ता 8000 आहे आणि बोनस 50 टक्के. 3000 रुपयांच्या पोच्यासाठी दावा केला, तर सक्तीचे 1000 वजा जाऊन हाती 2000 येतात आणि पुढच्या वर्षी 4000 जातात. मग हप्ते भरायचेच कशाला, असे कुणी विचारेल. मोठ्या अपघातासाठी आणि चोरीसाठी. म्हणूनच गाडीची विमा-किंमत कमी दाखवून हप्ता उतरवणारा एजंट मला उपकारकर्ता वाटत नाही. गाडी चोरीला गेली, तर भरपाई त्या घटवलेल्या किमतीचीच मिळते. नूतनीकरण मात्र 90 दिवसांपलीकडे लांबवू नका, बोनस बुडतो.