नदीकाठ आणि हिरवळ : परभणी जिल्हा

- नद्या : गोदावरी, पूर्णा, दुधना. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे गोदावरीला. परभणी शहर मात्र यांपैकी कोणत्याही नदीच्या काठावर नाही.
- शहरातील उद्यान : राजगोपालाचारी उद्यान. महापालिकेची स्थापना 2011.
- विद्यापीठ परिसर : वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, स्थापना 1972. झाडी, फळबागा, प्रायोगिक शेते.
- गंगाखेड : गोदावरीचा घाट. संत जनाबाईंचे जन्मगाव. साखर कारखान्यामुळेही ओळख.
- मुद्गल (ता. पाथरी) : गोदावरीच्या पात्रातील मुद्गलेश्वर मंदिर. मोठ्या पुरात मंदिर पाण्याखाली जाते.
- येलदरी (ता. जिंतूर) : पूर्णेवरील धरण. सिंचन, पिण्याचे पाणी आणि 22.5 मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प.
- निम्न दुधना (ता. सेलू) : दुधनेवरील धरण, मुख्यतः सिंचनासाठी.
- फरक : धरण पाणी साठवते, तर बंधारा नदीच्या पात्रातच पाणी अडवतो. घाट म्हणजे पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या.
- योग्य काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत कडक ऊन. फिरायचे असल्यास पहाटे किंवा संध्याकाळी.
- खबरदारी : पावसाळ्यात धरणांतून विसर्ग सुरू असताना पात्रात उतरू नये.