भ्यालेला कुत्रा

दुधाने तोंड पोळले, की माणूस ताकही फुंकून पितो. कुत्र्याचेही तसेच आहे. एकाने छळले, की त्याला सगळ्याच माणसांची भीती वाटते.

आमच्या मळ्यात मोत्या नावाचा कुत्रा आहे. रात्री रानडुकरे भुईमुगात शिरली, की तो भुंकून आम्हांला उठवी. एका दिवाळीत कुणीतरी त्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधून पेटवली. तेव्हापासून मोत्या कडब्याच्या गंजीमागे दडून बसे. माणूस दिसले की पळे. रात्री भुंकेना. शेजारी म्हणाले, "मास्तर, हा आता काय कामाचा? द्या लांब सोडून."

आम्हीही एक चूक केली. गळ्यात दोरी घालून त्याला ओढून बाहेर काढले. तो आमच्या हाताला चावला. दोष त्याचा नव्हता. पळायला वाट उरली नाही, की भ्यालेले जनावर चावते.

आम्ही लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जखम धुतली. मग सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शने घेतली. एकही चुकवले नाही. जखमेवर हळद, चुना, तिखट लावू नये. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रेबीज रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर इंजेक्शने घेतली, तर रोग टळतो. ती आता पोटात देत नाहीत. दंडात देतात.

गुरांच्या डॉक्टरांनी मोत्याला तपासले. शेपटी भाजली होती. तिला औषध लावले. दुखणारे जनावर कुणाला जवळ येऊ देत नाही. म्हणून आधी दुखणे बरे करावे, मग भीती घालवावी.

भीती कशी ओळखावी? कुत्रा शेपूट पायांत घालतो, कान मागे पाडतो, अंग चोरतो, तोंड फिरवतो. गुरगुरला तर मारू नये. "जवळ येऊ नका," असे तो सांगत असतो. माराच्या भीतीने गुरगुरणे सोडले, तर उद्या तो न सांगता चावेल.

पुढे आम्ही काय केले, ते सांगतो. गंजीमागे पोते अंथरले, पाणी ठेवले. पोरांना तिकडे जायची मनाई केली. रोज ठरल्या वेळी आम्ही लांब, पाठमोरे बसायचो. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नाही. भाकरीचा तुकडा टाकायचा आणि गप्प राहायचे. तो खाईना, तर समजावे की आपण फार जवळ बसलो. उठून आणखी मागे जावे. तो निवांत खाऊ लागला, की दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे सरकावे.

रशियात पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. ठरावीक आवाज करायचा आणि लगेच कुत्र्याला खायला द्यायचे, असे त्यांनी पुष्कळदा केले. पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. माणूस दिसला की भाकरी, हे मोत्याच्या मनात तसेच बसले.

महिन्याने तो आपण होऊन आमचा हात हुंगू लागला. तेव्हा आम्ही डोक्यावरून नव्हे, तर गळ्याखाली हळूच खाजवले. वरून आलेला हात त्याला मारणारा वाटतो. मग घरची माणसे एकेक करून अशीच लांबून ओळखीची केली.

एक मात्र ध्यानात ठेवा. कुत्रा एकाएकी बदलला, लाळ गाळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, दिसेल त्याला चावू लागला, तर ती साधी भीती नव्हे. जवळ जाऊ नका. गुरांच्या दवाखान्याला कळवा. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या.

आता मोत्या रात्री पुन्हा भुंकतो. फटाका वाजला, की अजून गंजीमागे पळतो. आम्ही त्याला ओढून काढत नाही. शाळेत आम्ही पुष्कळ वर्षे मुले शिकवली. छडीला भ्यालेले मूल फळ्याकडे पाहत नाही, छडीकडेच पाहते. भीती घालवायला वेळ लागतो. तो आपण द्यावा.