सूर्य उत्तरेला, वारा कुठेही

महाराष्ट्रातून न्यूझीलंडला गेलेला हौशी छायाचित्रकार हमखास रुळांच्या चुकीच्या बाजूला उभा राहतो. तिथे भर दुपारी सूर्य उत्तरेकडे असतो. दक्षिणेकडून टिपलं की इंजिन म्हणजे नुसता काळा ठोकळा. चाकं, दांडे, रिव्हेट सगळं सावलीत बुडतं.

तिथली वाफेची नियमित वाहतूक २६ ऑक्टोबर १९७१ला संपली. 'किंग्स्टन फ्लायर' या वाफेच्या गाडीसारखा अपवाद सोडला, तर १९८५पर्यंत जतन केलेल्या इंजिनांना मेन लाइन बंदच होती. आता मात्र वेलिंग्टनजवळच्या पाएकाकारिकीहून 'स्टीम इनकॉर्पोरेटेड' ही १९७२ची संस्था खास गाड्या काढते. जागाही चपखल आहे. १९४०मध्ये वेलिंग्टनहून विजेच्या तारा इथवर आल्या आणि पुढच्या प्रवासाला वाफेचं इंजिन इथेच लागू लागलं. संस्थेचं 'जेए १२७१' हे इंजिन डनिडनच्या हिलसाइड कारखान्यात १९५६मध्ये बनलेलं. गेज १०६७ मिमी, म्हणजे आपल्या मीटरगेजहून चार बोटं रुंद.

खरं तर आपण फोटो काढतो तो वाफेचा नाहीच. वाफ अदृश्य असते. पांढरे दिसतात ते वाफ गार होऊन बनलेले थेंब. उन्हाळ्यातल्या दुपारी धुराड्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून हिवाळ्यातली सकाळ गाठायची. काळ्या धुराची मागणी करणारेही असतात. चांगल्या फायरमनला मात्र तो धूर लाज आणतो, कारण ते न जळलेलं इंधन असतं. मी फायरमनच्या बाजूचा.

काही सहलींत 'रन-पास्ट' होतो. प्रवासी उतरून रांगेत उभे राहतात, गाडी मागे जाते आणि दणदणत पुन्हा येते. कुणी मोबाइल उंचावून एक पाऊल पुढे टाकलं, की मागच्या साऱ्यांच्या फोटोत त्याचीच पाठ! एरवी रस्त्यावरून पाठलाग करायचा. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं गुन्हा आहे.

सगळ्यांना ओढ राउरिमूच्या चढाची. बोरघाटात १८६३च्या इंजिनिअरांनी गाडीची दिशा उलटवून ती वर नेली. राउरिमूला मात्र रॉबर्ट होम्सने १८९८मध्ये रुळांचंच वेटोळं आखलं. चढ ५२ला १. गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी झाडीतून तिची धाप ऐकू येते. आधी डावीकडून, मग पाठीमागून, मग पुन्हा लांब. नवखा माणूस तेवढ्यात तीनदा कॅमेरा फिरवतो.

आणि गाडी आली की डोक्यावर तारा! राउरिमूसह हॅमिल्टन ते पामर्स्टन नॉर्थ हा पट्टा १९८८मध्ये २५ हजार व्होल्टवर गेला. खांब सरळ धुराड्यातून उगवल्यासारखे दिसतात. बरेच जण घरी संगणकावर ते पुसतात, शेपटीला जोडलेलं डिझेल इंजिनही कापतात. मग चित्र १९५५चं होतं, पण त्या सकाळचं राहत नाही. मी खांब ठेवीन. फक्त दोन पावलं सरकून, धुराड्याच्या बाजूला.